सैनिकी शिक्षणाचे पहिले दिवस

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कळंबा हे गाव आहे. गावाजवळ एक विस्तीर्ण तलाव आहे. पावसाळ्यात तो काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहू लागला, म्हणजे शहरातील माणसे मुद्दाम ते दृश्य पाहावयास येतात. एरवी पहाटेच्या गारव्यात तलावाच्या बाजूने फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ असते.

या जिल्ह्याला सैनिकी परंपरा नवी नाही. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावातून इतके लोक सैन्यात गेले, की ते गाव आता ‘सैनिक टाकळी’ या नावानेच ओळखले जाते. कोल्हापूरच्या दक्षिणेस बेळगाव येथे मराठा लाइट इन्फन्ट्री या नामांकित पलटणीचे केंद्र आहे. घरातील मुलगा त्या वाटेने गेला आणि सुट्टीवर गणवेशात परत आला, हे दृश्य येथील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. स्त्रीने युद्धाची धुरा वाहणे हेही या भूमीला अपरिचित नाही. १७०० साली छत्रपती राजारामांच्या निधनानंतर महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाच्या प्रचंड सेनेशी सात वर्षे झुंज चालू ठेवली. त्यांचा अश्वारूढ पुतळा आज कोल्हापूर शहरात उभा आहे. असे असूनही सामान्य घरातील मुलीला साधा सैनिक म्हणून भरती होता येण्यासाठी एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

भारतीय सैन्यात परिचारिका आणि डॉक्टर म्हणून स्त्रिया पूर्वीपासून काम करीत होत्या. १९९२ साली इतर शाखांमध्येही त्यांना अधिकारी म्हणून घेण्यास आरंभ झाला. प्रिया झिंगन या तरुणीने त्यापूर्वी थेट सेनाप्रमुख जनरल रॉड्रिग्ज यांना पत्र लिहून, मुलींना सैन्यात प्रवेश मिळावा, अशी इच्छा कळविली होती. मद्रास येथील अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झालेल्या पहिल्या पंचवीस तरुणींत त्यांचा समावेश होता. ६ मार्च १९९३ रोजी ही तुकडी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. अधिकाऱ्यांचे दार असे उघडले. परंतु नियमित सैन्यातील शिपायाचे दार आणखी बराच काळ बंद राहिले. सैनिकी पोलीस दलात महिलांना शिपाई म्हणून घेण्याचा निर्णय जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव येथे महिलांचा भरती मेळावा झाला. जानेवारी २०२० मध्ये पहिल्या तुकडीचे शिक्षण बंगळूर येथे सुरू झाले. ते ६१ आठवडे चालले. ८ मे २०२१ रोजी त्या केंद्राच्या द्रोणाचार्य मैदानावर ८३ महिला सैनिकांनी संचलन केले. देशभर करोनाची साथ पसरलेली असल्याने तो समारंभ साधेपणाने पार पडला. पण त्या दिवशी एक नवी वाट रुळली.

सैनिकी पोलीस म्हणजे सैन्याच्या अंतर्गत शिस्तीचे रक्षक. छावणीतील सुव्यवस्था राखणे, सैन्याच्या वाहनांना मार्ग करून देणे, युद्धकैद्यांची नियमानुसार व्यवस्था पाहणे, ही त्यांची कामे होत. त्यांच्या डोक्यावर लाल टोपी असते. ‘सेवा तथा सहायता’ हे त्यांचे ब्रीदवाक्य आहे. दुसऱ्यांना शिस्त लावण्याचे काम ज्यांनी करावयाचे, त्यांना स्वतःची शिस्त प्रथम शिकावी लागते. म्हणून या शिक्षणाचे पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे असतात.

प्रवेश सहज मिळत नाही. लेखी परीक्षा, मैदानी चाचणी आणि वैद्यकीय तपासणी या तीन कसोट्यांतून जावे लागते. मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक मैल अंतर फार तर आठ मिनिटांत धावावे लागते. साडेसात मिनिटांच्या आत जी पोहोचते, ती वरच्या गटात गणली जाते. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी मारावी लागते. २०२२ पासून ही भरती ‘अग्निपथ’ योजनेखाली चार वर्षांसाठी होते. त्यांतील जास्तीत जास्त एकचतुर्थांश जणांना पुढे कायम सेवेत घेतले जाते.

कळंब्याच्या एखाद्या शेतकऱ्याची मुलगी या साऱ्या कसोट्या पार करून बंगळूरला निघाली आहे, असे मनात आणावे. वय असेल अठरा-एकोणीस वर्षांचे. पहाटे तलावाच्या बाजूने तिने पुष्कळ दिवस धावण्याचा सराव केला आहे. गावात तिचे कौतुक झाले आहे, “मुलीच्या जातीला हे झेपेल का?” अशी कुजबुजही तिने ऐकली आहे. मिरजेहून बंगळूरला जाणाऱ्या गाडीत ती बसते. त्या गाडीचे नाव राणी चन्नम्मा एक्सप्रेस. १८२४ साली इंग्रजांशी लढणाऱ्या कित्तूरच्या राणीचे ते नाव आहे. कोल्हापूर ते बंगळूर हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. आईने दिलेल्या शिदोरीतील भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी रात्री संपते, आणि सकाळी गाडीबाहेर निराळ्याच भाषेच्या पाट्या दिसू लागतात.

केंद्रावर पोहोचताच तिची ओळख बदलते. नव्याने भरती झालेल्या सैनिकाला ‘रंगरूट’ म्हणतात. तिला क्रमांक मिळतो. गणवेश, बूट, मोजे, कांबळे, पाण्याची बाटली, ताट आणि मग एकामागून एक मोजून दिले जातात, आणि मिळालेल्या प्रत्येक वस्तूसाठी सही करावी लागते. आजपासून ती वस्तू हरवली, तर जबाबदारी तिची. लांबट दालनात खाटांच्या दोन रांगा असतात. एक खाट आणि तिच्याजवळची एक पेटी, एवढाच तिचा संसार. घरी असताना अंथरुणाची घडी आईने कितीदा घातली असेल! येथे कांबळ्याची घडी अशी घालावी लागते, की एका टोकाला उभे राहून पाहिले असता साऱ्या खाटांवरील घड्या एका रेषेत दिसाव्यात. पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवावयाची, हेही ठरलेले असते. अंधारात हात घातला, तरी हवी ती वस्तू सापडली पाहिजे, हा त्यामागील उद्देश.

दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. अंधार असतानाच उठावे, खाट नीट करावी, मैदानावर हजेरीस उभे राहावे, मग व्यायाम आणि धावणे. त्यानंतर स्नान, न्याहारी आणि संचलनाचा तास. दुपारी वर्गात शिकवणी, नंतर खेळ, संध्याकाळी पुन्हा हजेरी. रात्री बुटांना पॉलिश करावयाचे आणि गणवेशाला इस्त्री. जेवणघराला येथे ‘लंगर’ म्हणतात. पोटभर मिळते, मात्र वेळेत पोहोचले पाहिजे आणि वेळेत उठले पाहिजे. पहिल्या दिवसांत सर्वांत मोठी टंचाई भासते ती वेळेची. बुटाची नाडी बांधण्यास आपल्याला किती क्षण लागतात, याचा विचार घरी कोणी करीत नाही. येथे तो करावा लागतो.

संचलन पाहणाऱ्याला सोपे वाटते. शिकविणाऱ्याला रंगरूट ‘उस्ताद’ म्हणतात. उस्तादांच्या आज्ञा हिंदीत असतात: “सावधान!”, “विश्राम!”, “दाहिने मुड!”, “तेज चल!”, “थम!” आज्ञा ऐकू येणे आणि शरीराने ती पाळणे यांमध्ये क्षणाचाही विलंब चालत नाही. नेहमीच्या संचलनात एक पाऊल तीस इंचांचे, आणि मिनिटाला एकशेवीस पावले. म्हणजे एका मिनिटात छत्तीसशे इंच, अर्थात शंभर यार्ड अंतर काटले जाते. एकट्याने हे करणे कठीण नाही. तीस-चाळीस जणींनी एकाच वेळी, एकाच लयीत करणे कठीण. कळंब्याची मुलगी धावण्यात चपळ. पण संचलनात तिचा डावा हात डाव्या पायाबरोबरच पुढे येतो. तसे होताच आजूबाजूस हसू फुटते आणि उस्ताद साऱ्यांना थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयास लावतात. त्याच त्या वळणाचा असा वीस-पंचवीस वेळा सराव होतो.

शेजारच्या खाटेवरील मुलगी केरळची, पलीकडची आसामची, समोरची पंजाबची. पहिल्या दिवशी एकमेकींशी बोलावयाचे कसे, हाच प्रश्न. कोणाला हिंदी नीट येत नाही, कोणाची हिंदी मराठी वळणाची. परंतु बुटाला चमक आणण्याची युक्ती सांगण्यास भाषा फारशी लागत नाही. खुणांनी सुरू झालेली मैत्री चार-सहा दिवसांत मोडक्यातोडक्या वाक्यांवर येते.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडतो. खोलीची तपासणी चालू असताना एका खाटेवरील कांबळ्याची घडी वाकडी आढळते. घडी एकीची, परंतु मैदानाला जादा फेऱ्या मारावयाची आज्ञा सर्वांना होते. कळंब्याच्या मुलीला हा धडधडीत अन्याय वाटतो. माझी घडी नीट होती. मग मी का धावावे? ती धावते, पण मनातल्या मनात धुमसत. दुसऱ्या दिवशी मात्र तिला एक निराळी गोष्ट दिसते. तपासणीपूर्वी तीन-चार मुली आपली खाट नीट करून त्या मुलीच्या खाटेकडे वळतात. घडी सरळ करून देतात. त्या दिवशी कोणालाही फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सैन्यात एकाच्या चुकीची किंमत साऱ्या तुकडीला मोजावी लागते. छावणीत ती किंमत दोन फेऱ्यांची असते. रणभूमीवर ती प्राणांची असू शकते. म्हणून ‘माझे काम झाले’ एवढे म्हणून सैनिकाची सुटका होत नाही.

खरी परीक्षा येते ती तिसऱ्या आठवड्यात. नवलाई ओसरलेली असते आणि सवय अजून झालेली नसते. नव्या बुटांनी टाचांना फोड आलेले असतात. पोटऱ्या आणि नडग्या ठणकतात. झोप पुरत नाही. धावताना पुढे असणारी मुलगी आता मागे पडू लागते. उस्तादांचा आवाज कानांत घुमत राहतो. रात्री दिवे मालवल्यानंतर कोणाच्या तरी उशीतून दबलेले हुंदके ऐकू येतात. कळंब्याच्या मुलीलाही घर आठवते. परत जावे, असे तिच्या मनात येते. पण परत गेल्यावर ती कुजबूज पुन्हा कानांवर येईल. आणि तिच्यामागून धावण्याचा सराव करणाऱ्या लहान मुलींना लोक तिचेच उदाहरण देतील, हेही तिला कळते. ते ओझे पाठीवरच्या पिशवीपेक्षा जड असते.

रविवारी तिला घरी फोन करावयाची मुभा मिळते. आई विचारते, “जेवलीस का गं, बाळ?”

“हो आई, जेवले.”

“पाय कसे आहेत?”

मुलगी गप्प राहते. फोडांविषयी ती कोणालाही बोललेली नसते. पण आईला आवाजावरून सारे कळते. ती म्हणते, “उसाच्या पहिल्या भांगलणीला तुझ्या हातांना फोड आले होते, आठवतंय? खुरपं टाकून बांधावर जाऊन बसली होतीस. चार दिवसांनी पुन्हा आलीस. मग हातांना घट्टे पडले आणि खुरपं टोचायचं थांबलं. पायांचंही तसंच असतं. पण फोड लपवू नकोस. चिघळला, तर चालायचीच बंद होशील. तिथल्या डॉक्टरांना दाखव.”

आईच्या या साध्या बोलण्यात शरीरशास्त्रातील एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. शरीरावर नवा भार पडला, म्हणजे ते प्रथम दुखावते आणि नंतर त्या भारास योग्य असे बळकट होते. मात्र त्यासाठी त्याला अवधी आणि पोषण मिळावे लागते. कातडीला घट्टा पडतो, स्नायू जाड होतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. हाडेही बदलतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हाड दगडासारखे निर्जीव नाही. त्यावर वारंवार भार पडू लागला, की शरीर तेथील जुना भाग काढून टाकते आणि त्या जागी नवा, मजबूत भाग रचते. काढून टाकण्याचे काम लवकर होते. रचण्याचे काम सावकाश चालते. त्यामुळे श्रमांना प्रारंभ झाल्यानंतर काही आठवडे हाड उलट थोडे कमजोर असते. त्या काळात अतिरेक झाला, तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. स्त्रियांमध्ये हा धोका पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. म्हणून दूध, डाळी, पालेभाज्या असा चुना व लोह पुरविणारा आहार, पुरेशी विश्रांती आणि हळूहळू वाढविलेले श्रम, यांची सांगड घालावी लागते. दुखणे सांगणे हा भेकडपणा नव्हे. ते दडवून ठेवणारा सैनिक ऐन वेळी तुकडीच्या उपयोगी पडत नाही.

शिस्त म्हणजे आंधळा हट्ट नव्हे, हे दाखविणारे एक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात घडले. तेथे नव्या महिला रंगरुटांच्या कंबरेच्या हाडांना तडे जाण्याचे प्रमाण फार होते. कारण शोधता असे आढळले, की उंच पुरुषांच्या बरोबरीने चालताना कमी उंचीच्या मुलींना आपल्या बेतापेक्षा मोठे पाऊल टाकावे लागत होते. मग लांब चालीची गती कमी केली, प्रत्येकीला आपल्या सोयीचे पाऊल टाकू दिले, आणि धावण्याच्या पद्धतीतही बदल केले. तेव्हा त्या दुखापती अगदी थोड्या राहिल्या. या बदलांचा वृत्तान्त १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्या मुली दुर्बल नव्हत्या. शिकविण्याच्या पद्धतीत दोष होता.

आपल्या देशातील स्त्रियांनी याहूनही कठीण परिस्थितीत सैनिकी शिक्षण घेतलेले आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत महिलांची स्वतंत्र पलटण उभारली आणि तिला झाशीच्या राणीचे नाव दिले. डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन तिच्या प्रमुख होत्या. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे तिची शिक्षण छावणी सुरू झाली. तेथे आलेल्या पुष्कळ मुली मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतील होत्या. ज्या भारतासाठी त्या बंदूक धरावयास शिकल्या, तो भारत त्यांपैकी कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता.

हे शिक्षण केवळ अठरा-वीस वर्षांच्या मुलींनाच साधते, असेही नाही. साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक हे १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या शिक्षिका होत्या. दोन मुलांच्या आई होत्या. पतीच्या मागे आपणही सैन्यात जाणार, असा निश्चय त्यांनी केला. त्यांना वयाच्या अटीत सवलत मिळाली, श्रमांत नाही. चेन्नईच्या अकादमीतील सुमारे अकरा महिन्यांचे खडतर शिक्षण त्यांनी आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्या मुलामुलींच्या बरोबरीने पुरे केले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

चौथ्या आठवड्यात कळंब्याच्या मुलीच्या दिनक्रमात काही मोठा चमत्कार घडत नाही. फोड डॉक्टरांना दाखविलेले असतात. त्यांच्या जागी जाड कातडी येऊ लागते. पहाटे बिगूल होण्यापूर्वीच तिला जाग येऊ लागते. संचलनात हात आणि पाय यांचा मेळ बसतो. तो केव्हा बसला, हे तिचे तिलाही कळत नाही. चार किलोंच्या आसपास वजनाची रायफल तिच्या हातात येते. ती आधी चालवावयाची नसते. खोलावयाची, पुसावयाची आणि पुन्हा जोडावयाची असते. प्रत्येक भागाचे नाव आणि काम पाठ करावयाचे असते. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवावयाचे नाही, हा पहिला धडा. शस्त्राचा मोह वाटण्यापूर्वी त्याची जबाबदारी कळावी, असा हा क्रम आहे.

एके दिवशी लांब पल्ल्याच्या धावेत आसामची मुलगी मागे पडते. कळंब्याची मुलगी आता पुन्हा पुढच्या रांगेत आलेली असते. वेळ आत घेऊन उस्तादांची शाबासकी मिळविण्याची तिला संधी असते. ती मागे वळून पाहते, आपली गती थोडी कमी करते आणि मैत्रिणीच्या शेजारी येऊन धावू लागते. “बस, उस झाड तक,” ती आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणते. त्या झाडाशी पोहोचल्यावर ती पुढचे झाड दाखविते. अशी झाडे मोजीत दोघी वेळेच्या आत पोहोचतात. शाबासकी कोणालाच मिळत नाही. उस्ताद घड्याळाकडे पाहतात आणि पूर्ण तुकडी पोहोचल्याची नोंद करतात.

पुढे अजून पुष्कळ शिकावयाचे असते: वाहन चालविणे व दुरुस्त करणे, संदेशवहन, पोलिसी कामाचे नियम, युद्धकैद्यांशी कसे वागावे याचे ज्ञान. सर्व शिक्षण संपल्यावर शपथ घेण्याचा दिवस येतो. त्याला सैनिक ‘कसम परेड’ म्हणतात. त्या दिवशी आईवडील गणवेशातील मुलीला पाहतात, छायाचित्रे निघतात. पहिल्या चार आठवड्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. परंतु शपथेतील शब्द पाळण्याचे बळ त्याच दिवसांत जमा झालेले असते: सरळ घातलेल्या घडीत, वेळेवर उघड केलेल्या दुखण्यात, आणि मैत्रिणीसाठी मोजलेल्या झाडांत.

स्वाध्याय

१. कोल्हापूर जिल्ह्याची सैनिकी परंपरा कोणत्या गोष्टींवरून दिसून येते?
२. सैनिकी पोलिसांची कामे कोणती?
३. एकीची घडी वाकडी असताना सर्वांना फेऱ्या का माराव्या लागल्या? ही शिक्षा तुम्हांस योग्य वाटते का? कारणे देऊन लिहा.
४. आईने मुलीला कोणते उदाहरण दिले? त्यातून शरीराविषयी कोणते तत्त्व समजते?
५. ‘शिस्त म्हणजे आंधळा हट्ट नव्हे’ हे ऑस्ट्रेलियातील उदाहरणावरून स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: धुरा वाहणे, वाट रुळणे, मनात धुमसणे, नवलाई ओसरणे, सांगड घालणे.
७. तुमच्या गावातील एखाद्या आजी किंवा माजी सैनिकाला भेटा व त्यांच्या शिक्षणाच्या पहिल्या दिवसांविषयी माहिती मिळवून दहा ओळी लिहा.